हात सुधारतो का? (अँथनी रिचर्डसन, कोल्ट्स आणि आमच्या घरचा एक मुलगा)

कार्मेलचा_केदार | ६ जानेवारी २०२५

काल कोल्ट्सचा, म्हणजे आमच्या इंडियानापोलिसच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम संपला. जॅक्सनव्हिलला जादा वेळेत २६-२३ असं हरवलं, पण प्लेऑफ आधीच हुकले होते. ८ विजय, ९ पराभव. इथे इंडियानापोलिसजवळ आम्ही चार-पाच मराठी घरं रविवारी एकत्र बसून सामने बघतो. काल पोह्यांपासून जेवणापर्यंत वाद एकाच गोष्टीवर चालला होता : आमचा क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसन याचा थ्रो सुधारेल का?

ज्यांना अमेरिकन फुटबॉल परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. त्याला साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचा बचाव ओळखायचा, धावत्या साथीदारांपैकी एक निवडायचा आणि तो पोचणार असेल तिथे चेंडू आधीच पाठवायचा. दहापैकी साडेसहा पास साथीदाराच्या हातात पडले तर क्वार्टरबॅक चांगला म्हणतात.

रिचर्डसनला कोल्ट्सने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) चौथ्या क्रमांकावर घेतलं. सहा फूट चार इंच उंची, २४४ पौंड वजन, चाळीस यार्ड ४.४३ सेकंदांत. असं शरीर या जागेवर क्वचितच कुणाचं असेल. पण फ्लोरिडा विद्यापीठाकडून तो सुरुवातीपासून खेळला ते फक्त १३ सामने. पहिल्याच वर्षी उजवा खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली. आणि यंदा २६४ पैकी १२६ पास पूर्ण, म्हणजे ४७.७ टक्के. नियमित खेळणाऱ्यांत सगळ्यांत खाली. ८ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), १२ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास).

मला छळतं ते वेगळंच. पहिल्या सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध याच मुलाने मागच्या पायावर जात असताना ॲलेक पिअर्सला ६० यार्डांचा टचडाउन फेकला. सगळी खोली उठून उभी राहिली होती. आणि तोच मुलगा पाच यार्डांवर उभ्या माणसाला साधा पास देताना त्याच्या डोक्यावरून घालवतो. अवघड जमतं आणि सोपं जमत नाही, हे काय आहे?

माझा यात स्वार्थही आहे. धाकटा चौदाचा आहे, शाळेच्या संघात क्वार्टरबॅक. एका प्रशिक्षकाने त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा हात असाच आहे, तू दुसरी जागा बघ." पोरगा दोन दिवस जेवला नाही. म्हणून मनापासून विचारतो : थ्रो शिकवून सुधारतो, की तो जन्मतः असतो तसाच राहतो?

---

मंदार_डेन्व्हर | ६ जानेवारी

केदार, कटू वाटेल, पण मी आमच्या डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टिम टीबो याचं वर्ष डोळ्यांनी पाहिलंय. हाइझमन (कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार) जिंकलेला, लाघवी, अपार कष्टाळू मुलगा. चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन मोठा वळसा घालून फेकायचा. २०१० च्या ड्राफ्टआधी तो वळसा लहान करण्यासाठी महिनोन्महिने राबला. सरावात जमलाही. सामन्यात कुणी अंगावर आलं की हात पुन्हा खाली जायचा.

२०११ मध्ये २७१ पैकी १२६ पास, ४६.५ टक्के. बघ, आकडासुद्धा तोच, १२६! त्या वर्षी आम्ही सामने जिंकलो, जानेवारीत पिट्सबर्गला ८० यार्डांच्या एका पासवर जादा वेळेत घरी पाठवलं, मी स्टेडियममध्ये रडलो होतो. आणि दोन महिन्यांत नामांकित क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आला आणि टीबो गेला. लांबचा एखादा पास कुणालाही लागतो. रोजचा पास ज्याला लागत नाही त्याला तो पुढेही लागत नाही, असं माझं मत झालंय.

---

गोट्या | ६ जानेवारी

मी रुमाल टाकून ठेवतो. खेळ कळत नाही, पण पोरगं जेवलं का ते आधी सांगा.

---

कार्मेलचा_केदार | ६ जानेवारी

@गोट्या, जेवला. आजीने व्हिडिओ कॉलवर थालीपिठाची आठवण काढली, मग चार खाल्ली.

---

बफेलोकर | ६ जानेवारी

मंदारदादा, तुमचं दुःख समजतं, पण माझ्या गावात याचं जिवंत उत्तर राहतं.

जॉश ॲलन. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावचा. शाळेतून बाहेर पडला तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने विचारलं नाही. आधी रीडली नावाचं छोटं कॉलेज, मग वायोमिंग. २०१८ मध्ये बिल्सनी (आमच्या बफेलोच्या संघाने) सातव्या क्रमांकावर घेतला तेव्हा इथले अर्धे लोक चिडले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच : हात तोफेचा आहे, पण नेम नाही, आणि नेम शिकवता येत नाही.

पहिलं वर्ष ५२.८ टक्के. दुसरं ५८.८. तिसरं ६९.२, आणि ३७ टचडाउन. दोन वर्षांत सोळा टक्क्यांहून जास्त. मी पहिले दोन हंगाम ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियममध्ये थंडीत बसून पाहिलेत, तिसरा टीव्हीवर. चेंडू जिथे साथीदाराच्या मागे पडायचा तिथे तो छातीवर पडायला लागला, हे आकडे न बघताही दिसत होतं.

हंगाम संपला की तो जॉर्डन पामर या खासगी प्रशिक्षकाकडे जायचा. २०२० च्या आधी अंगावर खुणा लावून, कॅमेऱ्यांनी त्याच्या थ्रोचं त्रिमितीय मोजमाप झालं. कंबर कधी सुटते, खांदा कधी, हात कधी, हे त्यात दिसलं. हात कंबरेच्या आधीच धावत होता. मग तो क्रम बदलण्यावर काम झालं.

---

मंदार_डेन्व्हर | ६ जानेवारी

२०२० मध्ये स्टीफन डिग्जही आला हे विसरू नका. उत्तम पकडणारा मिळाला की फेकणारा सुधारल्यासारखा दिसतोच. शिवाय बिल्सचा प्रशिक्षक ब्रायन डेबलने त्याच्या सोयीची आखणी केली. सगळं श्रेय खुणा लावलेल्या कॅमेऱ्यांना कसं देता येईल?

---

बफेलोकर | ६ जानेवारी

मान्य. डिग्ज नसता तर ६९ झाले नसते. पण पहिल्या वर्षाहून दुसऱ्या वर्षी सहा टक्के वाढले तेव्हा डिग्ज मिनेसोटात होता.

---

रानवारा | ७ जानेवारी

मी मंगळवेढ्याकडचा. हा खेळ मी मुलाकडे ऑस्टिनला आलो की बघतो, नियम निम्मेच कळतात. पण फेकणं मला कळतं, कारण माझं लहानपण ज्वारीच्या माळ्यावर गेलं.

हुरड्याच्या दिवसांत पाखरं राखायला आजोबा मला माळ्यावर बसवायचे. हातात गोफण. नवीन पोरगं काय करतं, तर ताकद लावून नुसता हात गरगरा फिरवतं. दगड कधी मागं जातो, कधी आपल्याच पायाशी. आजोबा म्हणायचे, "हात फिरवू नको, कंबर फिरव, दगड आपसूक जाईल." आणि दोरीचं टोक कधी सोडायचं हे बोटाला कळेपर्यंत एक अख्खा हंगाम जातो. एकदा कळलं की मग चिमणी कुठल्या ताटावर बसलीय ते बघायचं, हाताकडे बघायचंच नाही.

माळा हलत असेल तर मात्र चांगल्या चांगल्याचा नेम जातो. पायाखाली घट्ट नसेल तर कंबर फिरत नाही, सगळा भार हातावर येतो. तुमच्या त्या रिचर्डसनचे दोन सामने मी पाहिले. त्याचे पाय हलत्या माळ्यावर असल्यासारखे असतात. जवळच्याला देताना तो पाय टाकतच नाही, नुसता दंडाने देतो.

---

मैत्रेयी_फ्रीमाँट | ७ जानेवारी

रानवारा काका, हा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती फ्लॅग फुटबॉल खेळते, म्हणजे अंगावर न जाता कमरेचा फडका ओढून अडवायचा प्रकार (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, त्यामुळे घरात वेगळाच उत्साह आहे). तिच्या प्रशिक्षक ताई हेच सांगतात, फक्त गोफणीशिवाय : पुढचं पाऊल लांब पडलं तर चेंडू वर जातो. अंग मागे राहतं, हात वर बघत सुटतो. पाऊल आखूड नि नेमकं पडलं तर चेंडू खाली येतो. केदार, तुझ्या पाच यार्डांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच असेल का?

---

अस्मिता_नाशिक | ७ जानेवारी

फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहिते. आमच्याकडे वेगवान गोलंदाज आणि भालाफेकवाली मुलं येतात, फुटबॉलवालं कुणी नाही, पण शरीर तेच.

फेक जमिनीपासून सुरू होते. मागचा पाय जमिनीला रेटतो, पुढचा पाय रोवला जातो, त्यावर कंबर वळते. कंबर वळत असताना छाती क्षणभर मागे राहते. हा पीळ म्हणजेच साठवलेली ताकद. मग छाती, खांदा, कोपर, मनगट, बोटं, असं एकामागून एक. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याकडून वेग घेतो आणि स्वतः थांबून पुढच्याला देतो. मधली कडी लवकर सुटली तर पुढच्या कडीला तो वेग स्वतः निर्माण करावा लागतो. तिथेच नेम जातो आणि तिथेच दुखापत येते. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, हा फुटबॉल ४०० ग्रॅमच्या वर. खांद्यावर काय येत असेल विचार करा.

रिचर्डसनच्या शस्त्रक्रियेचं कुणी बोललं नाही. खांद्याचा सांधा दुखावला की मेंदू तो हात सांभाळायला लागतो. दुखणं जातं, सांभाळणं राहतं. रुग्णाला विचारलं तर म्हणतो, "काही दुखत नाही," आणि तरी हात पूर्ण मोकळा सुटत नाही. हे जायला वर्ष लागलेलं मी पाहिलंय.

आणि केदारदादा, चौदाव्या वर्षी हाडांची टोकं अजून वाढत असतात. उंची भराभर वाढते तेव्हा मेंदूच्या हिशेबात हात जुन्याच लांबीचा असतो. मागच्या वर्षी जमत होतं ते यंदा बिघडतं. त्या वयात "तुझा हात असाच आहे" असं कुणालाही सांगू नये. मला हे वाचून फार राग आला.

---

शेवगावचा_नंदू | ८ जानेवारी

झहीर खान! आमच्या जिल्ह्याचा, श्रीरामपूरचा. कुणाला आठवतंय का, २००५-०६ मध्ये त्याची भारतीय संघातली जागा गेली होती. मग २००६ मध्ये वूस्टरशरकडून काउंटी खेळायला गेला. धाव आखूड केली, अंगावरचा ताण कमी केला, रोजच्या रोज लांबलचक स्पेल टाकले आणि एका मोसमात ७८ बळी घेतले. परत आला तो दुसराच गोलंदाज. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला ९ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१. काउंटी खेळला तेव्हा वय २७ होतं. रिचर्डसन २२ चा आहे म्हणता, म्हणजे त्याच्याकडे किती वेळ आहे बघा.

माझ्या मते झहीरला बदललं ते ७८ बळींनी नाही, त्याआधीच्या हजारो चेंडूंनी. काउंटीत रोज सामना असतो. या फुटबॉलमध्ये वर्षाला १७ सामने! शिकणार कधी?

---

गोट्या | ८ जानेवारी

नंदूभाऊंनी धागा अखेर क्रिकेटवर आणला. मी सकाळीच बायकोशी पैज लावली होती, तीस प्रतिसादांच्या आत. जिंकलो.

---

पाटीलवाडा | ८ जानेवारी

उलट बाजूही बघा. सईद अजमलची शैली २०१४ मध्ये अवैध ठरली, नवी शैली घेऊन आला आणि तो पूर्वीचा अजमल राहिला नाही. शैली बदलताना त्या माणसाला जे वेगळं करतं तेच कापलं जातं. क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स गोळाफेक केल्यासारखा चेंडू ढकलायचा, २००४ मध्ये चौथ्याच क्रमांकावर निवडला गेला. कुणी त्याचा हात बदलला नाही. २०२० पर्यंत सतरा वर्षं खेळला आणि त्यातलं शेवटचं वर्ष कोल्ट्सकडूनच. बुमराहला कुणी "सगळ्यांसारखी गोलंदाजी कर" म्हणालं असतं तर?

---

सांता_मोनिकाकर | ८ जानेवारी

पाटीलवाडा यांचा मुद्दा मोलाचा आहे. ज्या माणसाने क्वार्टरबॅकच्या थ्रोचं शास्त्र उभं केलं त्याचंही म्हणणं काहीसं असंच.

टॉम हाउस. मूळ बेसबॉलचा पिचर (चेंडू फेकणारा). १९७४ मध्ये हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारला तो चेंडू बुलपेनमध्ये (राखीव पिचरांची सरावाची जागा) झेलणारा हाच. पुढे टेक्सास रेंजर्समध्ये पिचिंग शिकवताना तो नोलन रायनसारख्यांनाही सरावात फुटबॉल फेकायला लावायचा, कारण फुटबॉल खोटं बोलत नाही. क्रम चुकला की तो हवेत डुगडुगतो, नीट गिरकी घेत जात नाही. नंतर ड्रू ब्रीस, टॉम ब्रेडी असे नामांकित क्वार्टरबॅक त्याच्याकडे यायचे. सगळ्यांना एकाच साच्यात घालणं त्याला मान्य नव्हतं. हात कुठून येतो ते ज्याचं त्याचं. पाय, तोल आणि क्रम मात्र सगळ्यांना सारखा लागतो.

आणि आपल्याकडची गोष्ट. २००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली, कोण जोरात आणि नेमका फेकतो याची. जिंकले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. बेसबॉल त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता. त्यांना याच टॉम हाउसकडे लॉस एंजेलिसला पाठवलं. काही महिन्यांत त्याने त्यांना पिचिंग शिकवलं आणि नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. अगदी वरच्या पातळीवर दोघं पोचले नाहीत हे खरं. पण भाला फेकणारा हात वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षी दुसरा खेळ शिकतो, हे मंदारदादांनी विचारात घ्यावं.

---

रानवारा | ८ जानेवारी

भाला फेकणारी पोरं नेली म्हणजे त्या माणसाला कळत होतं. भाल्यातसुद्धा सगळं पुढच्या पायावरच असतं.

---

ऋजुता_शार्लट | ९ जानेवारी

आठ वर्षं इथे शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांसोबत काम करते, व्हिडिओ कापून देण्याचं. त्यामुळे थोडं वेगळं मांडते.

आपण सगळे पाय, कंबर, हात बोलतोय. पण पाय बिघडतात का? क्वार्टरबॅक मागे जाताना तीन पावलं किंवा पाच पावलं घेतो. ती पावलं साथीदाराच्या धावेशी बांधलेली असतात. शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटायला हवा. ज्याला त्या क्षणी ठरवता आलं नाही, त्याचे पाय तिथेच गोठतात. अर्ध्या सेकंदाने निर्णय होतो, तेव्हा अंगातला पीळ उतरलेला असतो आणि उरतो फक्त दंड. मग मैत्रेयी म्हणते तसं पाऊल वाट्टेल तसं पडतं, चेंडू डोक्यावरून जातो. आपण म्हणतो थ्रो वाईट. खरं तर उशीर डोक्यात झाला, तो पायात दिसला आणि हातातून बाहेर पडला.

केदार, तुझ्या साठ यार्डांच्या पासचं कोडं मला इथे सुटतं. लांबचा पास ठरवायला सोपा. एकच माणूस, सरळ रेषेत धावतोय. तिथे डोकं मोकळं, शरीर मोकळं. पाच यार्डांच्या पासात चार पर्याय, तीन बचावपटू आणि फार थोडा वेळ. दिसायला सोपा, ठरवायला अवघड.

म्हणून १३ सामन्यांचा अनुभव हे मला खांद्याहून मोठं कारण वाटतं. फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स बघा : २०२० मध्ये ५२ टक्के, मग ६१.३, मग ६६.५. त्याने फेकण्याइतकंच बघण्यावर काम केलं.

---

मंदार_डेन्व्हर | ९ जानेवारी

ऋजुता, हे मला पटलं. टीबोच्या वेळी आम्ही सगळे त्याच्या हाताकडेच बघत होतो. त्याचे पाय कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पण मग २७ ऑक्टोबरचं काय? ह्यूस्टनला ३२ पैकी १० पास आणि "दमलो" म्हणून एका चालीपुरता स्वतःहून बाहेर. दुसऱ्या दिवसापासून देशभर तोच विषय, आणि पुढच्या सामन्यात त्याच्या जागी ३९ वर्षांचा जो फ्लॅको. ते थ्रोचं नाही, मनाचं आहे.

---

कार्मेलचा_केदार | ९ जानेवारी

दादा, ते मलाही आवडलं नव्हतं. त्या रविवारी घरी सगळे गप्प झालो होतो. पण २२ वर्षांचा मुलगा, धापा टाकत, खरं काय ते बोलला. दोन सामने बाकावर बसला आणि परत आला तेव्हा न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध ३० पैकी २०, २७२ यार्ड, स्वतः दोनदा धावून टचडाउन आणि २८-२७ ने विजय. त्या दिवशी त्याचे पाय मी आता पुन्हा लावून बघितले. ऋजुता म्हणते तसंच आहे. शेवटचं पाऊल टेकतंय आणि चेंडू जातोय. मग पुढच्या सामन्यांत ते पुन्हा हरवतं.

इंडियानापोलिसच्या लोकांनी तरी धीर धरावा असं मला वाटतं. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिली होती, संघाचे ३ विजय, १३ पराभव.

---

बफेलोकर | ९ जानेवारी

मॅनिंगचंच दुसरं उदाहरण या धाग्यासाठी जास्त जवळचं आहे. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियांनंतर त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली होती. पस्तिशीचा, चार वेळा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू), आणि थोड्या अंतरावर चेंडू पोचेना. ड्यूक विद्यापीठात जाऊन आपले जुने प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ यांच्याकडे त्याने मुळापासून सुरुवात केली. हातात पूर्वीचा जोर नाही म्हणून पाय आणि कंबर जास्त वापरायला शिकला. २०१३ मध्ये डेन्व्हरकडून ५५ टचडाउन पास, आजही विक्रम. मंदारदादा, हे तर तुमच्याच स्टेडियममध्ये झालं!

---

मंदार_डेन्व्हर | ९ जानेवारी

झालं खरं. हरलो, आनंदाने.

---

अस्मिता_नाशिक | १० जानेवारी

एक व्यवहाराची गोष्ट. नवी सवय सरावात आधी येते, सामन्यात सगळ्यांत शेवटी. हंगाम चालू असताना बदल करायला गेलं तर मुलगा दोन्हीकडून जातो. हे लोक हंगाम संपल्यावर काय करतात?

---

ऋजुता_शार्लट | १० जानेवारी

अस्मिताताई, तिथेच मोठी अडचण आहे. खेळाडू संघटनेच्या करारामुळे एप्रिलपर्यंत संघाच्या प्रशिक्षकांना खेळाडूंसोबत मैदानावर काम करता येत नाही. म्हणजे शिकायचा उत्तम काळ तोच आणि त्यात आपले प्रशिक्षक नाहीत. म्हणून सगळे खासगी माणसाकडे जातात. आणि एप्रिलमध्ये परतल्यावर दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर मुलाचे हाल.

क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचं भाग्य वेगळं. कॉलेजात तो चेंडू कानाशी उंच धरायचा. ग्रीन बेने तो खाली आणला, आणि तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह याच्या मागे तीन वर्षं बाकावर बसवून आणला. आज चौथ्या क्रमांकावर घेतलेल्याला तीन वर्षं कोण देतं?

---

बफेलोकर | ७ फेब्रुवारी २०२५

धागा वर काढतो. काल रात्री जॉश ॲलन एमव्हीपी झाला. ज्याला नेम शिकवता येत नाही म्हणत होते तोच. सकाळपासून गल्लीत हॉर्न वाजताहेत, बर्फात.

---

गोट्या | ७ फेब्रुवारी

अभिनंदन! आता मलाही नियम शिकवा कुणीतरी. मुलगा मोठा होतोय, तो विचारायला लागला.

---

मैत्रेयी_फ्रीमाँट | ७ फेब्रुवारी

@गोट्या, शनिवारी फोन करा, मुलगी शिकवेल. पाऊण तास लागतो.

---

पाटीलवाडा | २० ऑगस्ट २०२५

केदार, बातमी वाचली. काल कोल्ट्सनी डॅनियल जोन्सला पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जाहीर केलं. रिचर्डसन बाकावर. जूनमध्ये खांदा पुन्हा दुखला, हंगामाआधीच्या सराव सामन्यांतल्या पहिल्याच सामन्यात करंगळी निखळली. वाईट वाटलं.

---

कार्मेलचा_केदार | २० ऑगस्ट २०२५

हो. काल जेवताना घरात शांतता होती.

पण मला जोन्सचाही राग येत नाही. २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला, मागच्या नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्क जायंट्सने सोडून दिलेला. तोही कुणाचा तरी "जमणार नाही" असलेला मुलगाच आहे. आणि मागच्या वर्षी क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्डने २७ व्या वर्षी, चौथ्या संघात, मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. रिचर्डसन २३ चा आहे. बाकावरचं हे वर्ष त्याला रॉजर्ससारखं लाभावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. खांदा धड राहिला तर हात सुधारेल असं मी आजही म्हणतो, आणि जानेवारीपेक्षा जास्त खात्रीने म्हणतो. त्याचं कारण घरातलं आहे.

जानेवारीत हा धागा मी मुलाला बसवून वाचून दाखवला. रानवारा काकांची गोफण त्याला इतकी आवडली की आजोबांकडून फोनवर आणखी दोन गोष्टी ऐकल्या. मग आम्ही गराजच्या भिंतीला जुनं टायर टांगलं, दहा यार्डांवर खडूची रेघ मारली. पहिल्या दिवशी वीसपैकी सात. अस्मिताताईंचं ऐकून दिवसाला चाळीस थ्रोच्या वर जाऊ दिलं नाही, आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. पहिला महिना चेंडू हातात दिलाच नाही, नुसती पावलं. तीन मागे, टेकव, वळ. बर्फ पडत होता आणि हा गराजमध्ये रिकाम्या हाताने नाचल्यासारखा. शेजारचे आजोबा दार उघडून बघून गेले.

मार्चमध्ये आकडा सहावर घसरला. तेव्हा मलाच वाटलं, चुकलं आपलं. त्याला बोललो नाही. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी आवाज बदलला. चेंडू टायरला घासून जाण्याऐवजी आतून जायला लागला, भिंतीवर एकसारखा धप्प, धप्प. मी स्वयंपाकघरात होतो, तिथूनच कळलं. ऋजुताने सांगितल्याप्रमाणे मग मी समोर उभा राहून शेवटच्या पावलाला बोटं दाखवायला लागलो. दोन म्हणजे टायर, तीन म्हणजे शेजारची बादली. त्यात पुन्हा बिघडला, पुन्हा सावरला. काल वीसपैकी तेरा, बोटांसकट.

उंची दोन इंच वाढली आहे या काळात. शाळेत नवे प्रशिक्षक आलेत, त्यांनी त्याला दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक ठेवलाय. शुक्रवारी पहिला सामना, घरच्या मैदानावर, संध्याकाळी सात वाजता. उतरायला मिळालं तर शेवटच्या दहा मिनिटांत मिळेल.

---

मंदार_डेन्व्हर | २० ऑगस्ट

केदार, त्याला सांग, डेन्व्हरहून एक काका बघतोय. व्हिडिओ टाक.

---

रानवारा | २१ ऑगस्ट

पावलं दिसतील असा काढा व्हिडिओ. चेंडू नाही दिसला तरी चालेल.